मेजर टेलर : अन्याय सोसून गप्प न बसलेला सायकलवीर



सायकल तुमच्या-आमच्या परिचयाची आहे. कामावर जाणारा मजूर, दारोदार पत्रे वाटणारा पोस्टमन, लांबच्या शाळेत जाणारी मुलगी, या सर्वांची ती सोबतीण. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सायकल हे पैसेवाल्यांचे वाहन होते. चांगल्या सायकलीला शंभर डॉलरच्या घरात किंमत पडे. सायकलींच्या शर्यती पाहायला हजारो लोक जमत आणि जिंकणाऱ्यांना मोठी बक्षिसे मिळत. अशा त्या खेळात, गुलामगिरी कायद्याने बंद होऊन अवघी तेरा वर्षे झाली असताना जन्मलेला एक कृष्णवर्णीय मुलगा उतरला आणि जगज्जेता झाला. त्यांचे नाव मार्शल वॉल्टर टेलर. जग त्यांना मेजर टेलर म्हणून ओळखते.

त्यांचे चरित्र तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण केवळ त्यांचा विजय नाही. विजयाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. टेलर यांनी जे सोसले ते लपवले नाही, ते उघडपणे सांगितले आणि अखेर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. हे काम शर्यत जिंकण्याइतकेच अवघड आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

बालपण आणि पहिला डाग

मार्शलचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस या शहरी झाला. घरात आठ भावंडे. वडील गिल्बर्ट हे साऊथर्ड नावाच्या एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे गाडीवान होते. त्या कुटुंबात डॅन नावाचा मुलगा होता. तो मार्शलच्याच वयाचा. दोघांची गट्टी जमली आणि साऊथर्ड कुटुंबाने मार्शलला डॅनचा सोबती म्हणून घरीच ठेवून घेतले. डॅनला मिळत ते कपडे, ती खेळणी, तेच शिक्षण मार्शललाही मिळू लागले. पहिली सायकलही त्याला याच घरात मिळाली.

घरात भेद नव्हता. पण उंबऱ्याबाहेर होता. डॅन आणि त्याचे मित्र वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या व्यायामशाळेत जात. मार्शल बरोबर गेला तेव्हा त्याला आत घेतले नाही. साऊथर्ड पतिपत्नींनी खटपट केली, ती व्यर्थ गेली. मैदानावर या सर्व मुलांना हरवणारा मार्शल वरच्या सज्जात उभा राहून खालचा खेळ बघत राही. रंगामुळे आपल्याला दार बंद होते हे त्याला तेथे प्रथम कळले. वाचकहो, असा पहिला दिवस ज्याच्या वाट्याला येतो तो त्याला आयुष्यभर विसरत नाही. टेलरही विसरले नाहीत. पन्नाशीला टेकले असताना लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी तो नोंदवून ठेवला.

पुढे साऊथर्ड कुटुंब शिकागोला गेले. मार्शल आईजवळ राहिला आणि वर्तमानपत्रे टाकू लागला. सायकलीवरच्या कसरती तो स्वतःच शिकला होता. त्या पाहून हे अँड विलिट्स या सायकलींच्या दुकानाने त्याला कामावर ठेवले. सकाळी झाडलोट करायची आणि दुपारी दुकानापुढे कसरती करून गर्दी जमवायची. कसरतीच्या वेळी अंगात पितळी बटनांचा लष्करी गणवेश असे. त्यावरून पोरांनी त्याला मेजर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचे चिकटले.

याच दुकानाच्या मालकाने वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला दहा मैलांच्या शर्यतीत उभे केले. लोकांची करमणूक व्हावी, पोराने थोडे अंतर जावे आणि परत फिरावे, एवढाच हेतू. पोरगा परत फिरला नाही. तो पहिला आला.

घटनेत घातलेला एक शब्द

आता एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. टेलर यांना नाकारणारे लोक म्हणजे काही चार-दोन माथेफिरू नव्हते. नकार लेखी होता, नियमाने बांधलेला होता.

अमेरिकेतील सायकलस्वारांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे १८८० साली स्थापन झालेली लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन. चांगले रस्ते व्हावेत म्हणून या लीगने मोठी चळवळ केली. शर्यतींचा कारभारही तिच्याच हाती होता. १८९४ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे लीगचे अधिवेशन भरले. दक्षिणेकडील प्रतिनिधींनी जोर केला आणि सभासदत्वाच्या नियमात ‘गोरा’ हा एक शब्द घातला गेला. एवढ्या एका शब्दाने देशातील सर्व कृष्णवर्णीय स्वार लीगच्या बाहेर गेले.

याविरुद्ध कोणी बोललेच नाही असे समजू नका. बोस्टनच्या किटी नॉक्स या शिवणकाम करून पोट भरणाऱ्या तरुणीचे उदाहरण घ्या. तिचे वडील कृष्णवर्णीय आणि आई गोरी. ठराव होण्याआधी, १८९३ साली, ती लीगची सभासद झाली होती. १८९५ साली न्यू जर्सीतील ॲस्बरी पार्क येथे लीगचा मेळावा भरला तेव्हा ती आपले सभासदत्वाचे कार्ड घेऊन सरळ तेथे गेली. काही अधिकाऱ्यांनी तिला मानण्यास नकार दिला. प्रकरण देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजले. एक शिंपीण कार्ड दाखवून आपला हक्क मागते आणि मोठमोठ्या माणसांना उत्तर देताना अडचण होते, हे लोकांनी पाहिले.

टेलर यांच्यासाठी या नियमाचा अर्थ विचित्र होता. सभासदत्व नाही, पण व्यावसायिक शर्यतीत धावण्याचा परवाना मात्र मिळाला. त्यांच्या नावावर तिकिटे खपत. म्हणजे गल्ला भरायला चालतो, शेजारी बसायला चालत नाही. हा न्याय तुम्ही ओळखला असेलच.

ट्रॅकवरचे हात आणि कोपर

लुई मंगर नावाचे एक गोरे गृहस्थ, स्वतः पूर्वीचे शर्यतपटू आणि सायकलींचे कारखानदार, टेलर यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९५ साली इंडियानापोलिस ते मॅथ्यूज अशी पंचाहत्तर मैलांची शर्यत होती. गोऱ्या स्वारांना कळू नये म्हणून सोळा वर्षांच्या टेलरना लपून राहून मागाहून सुरुवात करावी लागली. गाठ पडताच शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. त्या भीतीनेच पाय अधिक वेगाने फिरले असे त्यांनी पुढे लिहिले. पावसाचिखलातून त्यांनी शर्यत पुरी केली आणि जिंकली.

त्याच वर्षी मंगर यांनी आपला धंदा मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी हलवला आणि टेलरना सोबत नेले. येथील वायएमसीएने त्यांना व्यायामशाळेत प्रवेश दिला. टेलरनी या गावाचे उपकार जन्मभर मानले. पुढच्या वर्षी ते इंडियानापोलिसला येऊन एका मैलाचा विक्रम मोडून दाखवू लागले, तर तेथील ट्रॅकने त्यांना बंदी घातली! जन्मगावाने हाकलले आणि परक्या गावाने घेतले.

डिसेंबर १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांची शर्यत झाली. सहा दिवस आणि सहा रात्री, जमेल तेवढीच झोप घेऊन, सायकल फिरवत राहायचे. अठरा वर्षांचे टेलर १,७३२ मैल गेले आणि आठवे आले. व्यावसायिक जीवनाची ही सुरुवात.

यानंतर जे सुरू झाले त्याला खेळ म्हणणे कठीण आहे. दोघे-तिघे गोरे स्वार एकी करून त्यांना मध्ये कोंडत, म्हणजे पुढे जायला वाटच उरू नये. कोपराने ढकलत, कठड्याकडे रेटत. चाकापुढे खिळे टाकले गेले. प्रेक्षकांतून गार पाणी अंगावर आले. सप्टेंबर १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन येथे तर कहर झाला. एका मैलाच्या शर्यतीत टेलर दुसरे आले. बेकर नावाचा गोरा स्वार त्यांच्या मागे तिसरा आला. शर्यत संपताच त्याने टेलरना सायकलवरून खाली ओढले आणि ते बेशुद्ध पडेपर्यंत त्यांचा गळा दाबला. पोलिसांनी सोडवले. शिक्षा काय, तर पन्नास डॉलर दंड.

टेलर यांनी हे मुकाट्याने गिळले नाही. शर्यतीला उभे राहताना दरवेळी आपल्याला जिवाची धास्ती वाटते, असे त्यांनी वर्तमानपत्राला सांगितले. शूर माणसाने भीती कबूल करणे ही लाजेची गोष्ट नव्हे. ज्यांच्यामुळे भीती वाटते त्यांनी लाजावे. त्या वर्षी दक्षिणेकडील ट्रॅकवाल्यांनी त्यांच्या नावाची नोंदच घेतली नाही, त्यामुळे गुण असूनही राष्ट्रीय विजेतेपद हातचे गेले.

१८९८ च्या आरंभी ते सरावासाठी जॉर्जियातील सॅव्हाना येथे गेले. तेथे कवटी आणि हाडांचे चित्र काढलेली निनावी चिठ्ठी आली. अठ्ठेचाळीस तासांत गाव सोड, असा तिचा मजकूर होता. त्यांना उत्तरेत परतावे लागले. त्याच वर्षी मिसुरीतील केप जिरार्डो येथे शर्यतीला गेले असता ठरलेल्या हॉटेलात जागा नाकारली गेली. कोणा कृष्णवर्णीय कुटुंबाकडे जाऊन राहा, असे सांगण्यात आले. दिलेला शब्द मोडला म्हणून टेलर गाडी पकडून निघून गेले, धावले नाहीत. याबद्दल स्वारांच्या नव्या संघटनेने अपमान करणाऱ्याला नव्हे, तर टेलरनाच दोषी धरले. त्यांना पुढे बंदी झाली आणि १९०० साली दंड भरून परत प्रवेश मिळवावा लागला.

जगज्जेता

एवढ्या अडथळ्यांतून ऑगस्ट १८९९ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे टेलरनी एका मैलाचे जागतिक विजेतेपद जिंकले. सायकलीच्या खेळात हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजले तेव्हा त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. ज्या देशाच्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नव्हती त्याच देशासाठी हा अभिमान होता. याच वर्षी शिकागोत, पुढे चालणाऱ्या यंत्राच्या आडोशाने, त्यांनी एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत कापला. हा वेग ताशी सुमारे पंचेचाळीस मैल होतो. १९०० साली ते अमेरिकेचेही विजेते झाले.

त्यांच्या यशामागे कडक आचरण होते. ते दारू-तंबाखूला शिवत नसत. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि रविवारी धावायचे नाही असा निश्चय केला. फ्रान्समध्ये मोठ्या शर्यती रविवारीच होत. हजारो डॉलरचे करार समोर आले, पण रविवारची अट होती म्हणून त्यांनी नाकारले. शेवटी फ्रेंच आयोजकांनीच अट सोडली आणि १९०१ साली ते युरोपात गेले. घरात नवी प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबाला असा निश्चय पाळण्याची किंमत समजेल. घेताना टाळ्या पडतात, पाळताना माणूस एकटा असतो.

मे १९०१ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सचे जगज्जेते एडमाँ जॅकलिन यांच्याशी सामना झाला. पहिल्या भेटीत टेलर हरले. २७ मे रोजी दुसरी भेट झाली, तीत त्यांनी सलग दोन फेऱ्या जिंकल्या. युरोपात त्यांना हॉटेले उघडी होती, मेजवान्या होत होत्या. माणूस तोच आणि कातडीही तीच होती. बदलला होता तो फक्त भोवतालचा समाज. मग दोष कातडीत कसा असेल?

१९०२ मध्ये डेझी मॉरिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नंतर ऑस्ट्रेलियाचे दोन दौरे झाले. तेथेही अमेरिकेहून आलेल्या गोऱ्या स्वारांनी एकजूट करून त्यांचा छळ केला. मेलबर्नला एका टकरीत ते जबर जखमी झाले. १९०४ साली सिडनीत मुलगी झाली. तिचे नावच रीटा सिडनी ठेवले. तान्ह्या मुलीला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरले तर एकामागून एक हॉटेलांनी आणि खानावळींनी त्यांना नाकारले. सोबत ऑस्ट्रेलियाचा एक गोरा स्वार होता. त्याच्यापुढे आपल्या देशाची ही शोभा झाली, याची टेलरना फार लाज वाटली.

अशा जगण्याने मन आणि शरीर दोन्ही थकले. मधे काही वर्षे त्यांनी धावणेच सोडले. पुन्हा युरोपात उतरून काही शर्यती जिंकल्या आणि १९१० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवृत्त झाले.

शेवटची शर्यत

टेलरनी भरपूर मिळवले होते. वूस्टरमध्ये गोऱ्यांच्या वस्तीत स्वतःचे घर घेतले होते. शेजाऱ्यांनी जादा पैसे देऊन घर परत विकत मागितले, तेव्हा ते हलले नाहीत. निवृत्तीनंतर मोटारीच्या चाकांचा धंदा काढला, तो बुडाला. आजारपण आले. घर गेले, दागिने गेले.

या हलाखीत त्यांनी लेखणी उचलली. काही वर्षे खपून आत्मचरित्र लिहिले आणि १९२८ साली स्वतःच्या खर्चाने छापले. चारशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ आहे. कोणत्या गावी, कोणत्या शर्यतीत, कोणी काय केले, हे नावानिशी त्यात लिहिले आहे. ज्यांनी साथ दिली त्या गोऱ्यांचीही नावे तितक्याच आदराने घातली आहेत आणि ग्रंथ मंगर यांना अर्पण केला आहे. कोणाविषयी मनात वैर नाही हेही त्यांनी स्पष्ट केले. वैर नाही म्हणून हिशेब मिटवला, असे मात्र त्यांनी केले नाही. वैर सोडणे ही एक गोष्ट आणि सत्य लपवणे ही दुसरी, हा फरक त्यांना कळला होता.

आयुष्याच्या अखेरीस ते शिकागोत वायएमसीएच्या खोलीत एकटे राहत आणि दारोदार जाऊन आपला ग्रंथ विकत. २१ जून १९३२ रोजी कुक काउंटी रुग्णालयाच्या धर्मादाय विभागात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. प्रेत न्यायला कोणी आले नाही. माउंट ग्लेनवूड दफनभूमीत गरिबांच्या जागेत, नावाचा दगडही न लावता, त्यांना पुरले. १९४८ साली जुन्या शर्यतपटूंनी, सायकल कारखानदार फ्रँक श्विन यांच्या पैशाच्या मदतीने, त्यांचे अवशेष चांगल्या जागी हलवले आणि नावाची पाटी बसवली.

१९८२ मध्ये इंडियानापोलिसच्या सायकल ट्रॅकला त्यांचे नाव देण्यात आले. हे तेच गाव, ज्याने त्यांना ट्रॅकवरून हाकलले होते. वूस्टरमध्ये २००८ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीय स्वारांचे क्लब त्यांचे नाव लावतात. आणि तो ‘गोरा’ शब्द? लीगच्या वारस संघटनेने १८९४ चा तो नियम अधिकृतपणे रद्द केला १९९९ साली. शतक लोटून पाच वर्षे झाली होती.

आपण काय घ्यावे

वाचकहो, या चरित्राचा अर्थ घाईने लावू नका. कष्ट केले की सन्मान आपोआप मिळतो, असा धडा यातून निघत नाही. टेलर यांच्याइतके कष्ट आणि त्यांच्याइतके निर्मळ आचरण कोणाचे होते? तरी नियम हलला नाही. एका माणसाने शर्यत जिंकल्याने दार सर्वांना उघडत नाही. ते धावले तेव्हा त्यांच्यामागे कृष्णवर्णीय स्वारांची बळकट संघटना नव्हती. ते एकटे लढले, आणि म्हणून ते थांबले तेव्हा त्यांच्या मागून कोणी आत येऊ शकले नाही. एकट्याच्या पराक्रमाला संघटनेची जोड का लागते, हे यातून दिसते.

दुसरी गोष्ट ग्रंथाची. ज्यांनी त्यांना कोंडले, ढकलले, गळा दाबला, त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊकही नसती. ती उरली ती टेलर यांनी लिहून ठेवली म्हणून. टेलर गप्प राहिले असते तर पदकांची यादी उरली असती आणि अन्याय झालाच नव्हता असे म्हणायला सगळे मोकळे झाले असते.

तुमची मुले आता मैदानावर जातील, कबड्डीच्या संघात, पोहण्याच्या तलावावर, डोंगर चढणाऱ्या मंडळात जातील. ती जावीत. तेथे कोणी हिणवले, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला, आडनाव विचारून संघातून वगळले, तर ते मूल घरी येऊन प्रथम तुम्हाला सांगेल. त्या वेळी त्याला सोडून दे, विसर, असे सांगू नका. दिवस कोणता, जागा कोणती, कोण काय बोलले, हे त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या. मग चारचौघांना बरोबर घेऊन संबंधितांकडे जा. मुलाच्या मनात द्वेष भरू नका. पण त्याच्या तोंडाला कुलूपही लावू नका.